विश्लेषण : खाली होडी, वर घर... जपानमधील ‘इने’ गावाला एका दिवसाची सहल तारणार की त्रास देणार?

क्योटो म्हटले की मंदिरे, बांबूचे बन आणि किमोनो घातलेल्या पर्यटकांची गर्दी डोळ्यांसमोर येते. पण क्योटोच्याच नावाने विकल्या जाणाऱ्या सहलींमध्ये गेल्या काही वर्षांत मच्छीमारांच्या एका छोट्या गावाचा भाव वाढला आहे. सकाळी क्योटो किंवा ओसाकाहून बस निघते, दुपारी गाव पाहून होते आणि संध्याकाळी पर्यटक पुन्हा शहरातल्या हॉटेलात परततात. समुद्राला खेटून, एका रांगेत उभी असलेली लाकडी घरे हे या गावाचे आकर्षण. ही घरे मुळात माणसांसाठी बांधलेलीच नव्हती, ती होड्यांसाठी होती. आता होड्या बाहेर गेल्या आहेत, तरुण शहरात गेले आहेत आणि रस्त्यावर रोज पाहुणे येत आहेत. अशा वेळी एका दिवसाच्या सहलीतून गावाला काय मिळते आणि गावाचे काय जाते, याविषयी...

हे गाव नेमके कुठे आहे?

गावाचे नाव इने. जपानच्या मुख्य बेटावर, होन्शूवर, पश्चिमेकडे तांगो नावाचे द्वीपकल्प जपान समुद्रात शिरले आहे. त्याच्या ईशान्य टोकाला इने वसले आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते क्योटो प्रांतात येते, पण क्योटो शहरापासून तिथे पोहोचायला गाडीने दोन तासांहून अधिक वेळ लागतो. आजचे इने नगर १९५४ मध्ये चार गावे एकत्र करून तयार झाले. तेव्हाच्या तुलनेत लोकसंख्या निम्म्याहूनही कमी झाली असून आता ती दोन हजारांच्या आसपास आहे. त्यातही ज्येष्ठांचे प्रमाण मोठे. म्हणजे आपण छायाचित्रांत पाहतो ती ‘जपानमधील सर्वांत सुंदर गावांपैकी एक’ अशी ओळख असलेली जागा प्रत्यक्षात झपाट्याने म्हातारी होत चाललेली वस्ती आहे.

‘फुनाया’ म्हणजे काय?

जपानी भाषेत ‘फुने’ म्हणजे होडी आणि ‘या’ म्हणजे घर. फुनाया म्हणजे होडीघर. इनेच्या खाडीभोवतीच्या सुमारे पाच किलोमीटर किनाऱ्यावर अशी २३० च्या आसपास होडीघरे आहेत. तळमजल्याची समुद्राकडची बाजू पूर्ण उघडी असते आणि जमीन पाण्याच्या दिशेने उतरती केलेली असते. समुद्रातून आलेली होडी सरळ आत ओढून घ्यायची, म्हणजे आपण गाडी गॅरेजमध्ये लावतो तशी. पूर्वी वरचा भाग जाळी, दोर आणि इतर सामान वाळवण्या-ठेवण्यासाठी वापरला जाई.

कुटुंब मात्र या घरात राहत नसे. राहते घर रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. मागे डोंगर, मग घर, मग अरुंद रस्ता, मग होडीघर आणि लगेच समुद्र असा हा क्रम आहे. रस्ताही फार जुना नाही. पूर्वी शेजारच्या वाडीत जायचे तरी लोक होडी काढत. १९३० च्या दशकात राहते घर आणि होडीघर यांच्यामधल्या अंगणांच्या जागेतून रस्ता रुंद करण्यात आला. आज पर्यटक ज्या रस्त्यावरून फोटो काढत चालतात, तो एके काळी लोकांच्या अंगणांतला भाग होता. गावातल्या आजच्या तक्रारी समजून घ्यायच्या तर हे लक्षात ठेवायला हवे.

समुद्राला एवढी खेटलेली घरे वाहून कशी जात नाहीत?

याचे उत्तर भूगोलात आहे. पहिली गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. जपान समुद्र जवळपास चहूबाजूंनी बंदिस्त आहे. बाहेरच्या महासागराशी तो अरुंद आणि उथळ सामुद्रधुन्यांनी जोडलेला असल्याने इथे पाण्याची पातळी फारशी वरखाली होत नाही. इनेमध्ये हा फरक साधारण अर्ध्या मीटरचा असतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी चार-पाच मीटरपर्यंत पाणी चढते. तिथे अशी रचना एका दिवसातच पाण्याखाली गेली असती.

दुसरी गोष्ट खाडीचे तोंड. हिवाळ्यात जपान समुद्रावरून वायव्येचे बोचरे वारे आणि मोठ्या लाटा येतात. इनेची खाडी मात्र दक्षिणेकडे उघडते आणि तिच्या तीन बाजूंना डोंगर आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेले आओशिमा हे छोटे बेट. ते नैसर्गिक लाटरोधक बंधाऱ्याचे काम करते. किनाऱ्यालगतच पाणी खोल असल्याने लाटा फुटून उसळतही नाहीत. आओशिमावर आणि मागच्या डोंगरांवर गावकऱ्यांनी झाडे राखली. किनाऱ्यावरची दाट झाडी असली की मासे जवळ येतात, ही जपानी मच्छीमारांची जुनी समजूत आणि अनुभवही. थोडक्यात, फुनायाचा आकार कुणा वास्तुविशारदाने ठरवलेला नाही. तो वारा, भरती, डोंगर आणि मासे यांनी मिळून ठरवला.

दुमजली होडीघरांसाठी पैसा कुठून आला?

सुरुवातीची होडीघरे गवताने शाकारलेली, बुटकी होती. आज दिसणारी दुमजली, कौलारू होडीघरे प्रामुख्याने १८८० ते १९५० या काळातील. त्यांना पैसा पुरवला तो ‘बुरी’ या माशाने. यलोटेल या नावाने ओळखला जाणारा हा मासा हिवाळ्यात चरबीने भरलेला असतो आणि जपानमध्ये त्याला मोठा मान आहे. हिवाळ्यात जपान समुद्राच्या किनाऱ्यावर ढग गडगडू लागले की बुरी आली, असे मच्छीमार म्हणतात. हिमी आणि गोतो यांच्यासोबत इनेचे नाव बुरीच्या तीन प्रसिद्ध ठिकाणांमध्ये घेतले जाते. समुद्रात एका जागी नांगरून ठेवलेल्या मोठ्या जाळ्यांत हा मासा पकडला जातो. एवढे जाळे एका कुटुंबाला पेलणारे नसते, त्यामुळे मासेमारी गावाने एकत्र करायची असते.

त्याआधीच्या काळात इथे देवमाशांचीही शिकार होत असे. खाडीत शिरलेल्या देवमाशाची वाट जाळ्यांनी अडवली जाई. सतराव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अशा सुमारे साडेतीनशे देवमाशांची नोंद झाली आहे. आओशिमावर देवमाशाचे स्मारकही आहे. ज्याच्यावर गाव जगले, त्याची समाधी बांधण्याची ही रीत जपानच्या इतर किनाऱ्यांवरही आढळते.

मग होड्या घराबाहेर का गेल्या?

होडीघराची गरज लाकडी होडीमुळे होती. लाकूड सतत पाण्यात राहिले की कुजते आणि समुद्रातील कीड ते पोखरते. म्हणून होडी वरचेवर पाण्याबाहेर काढून वाळवावी लागे. पाऊस आणि बर्फ असलेल्या प्रदेशात वाळवायला छप्पर हवे. तांगोमध्ये हवामान इतके बेभरवशाचे की ‘डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस’ अशी म्हणच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर काही दशकांत फायबरच्या होड्या आल्या. त्या कुजत नाहीत, त्यामुळे वाळवायची गरज उरली नाही. शिवाय त्या लांबी-रुंदीने मोठ्या, जुन्या होडीघरात मावणाऱ्या नाहीत. आज बहुतेक होड्या बाहेर पाण्यातच बांधलेल्या दिसतात. तळमजला सामान ठेवायला, मासे साफ करायला किंवा गाडी लावायला वापरला जातो. काही घरांच्या पायरीशी अजूनही ‘मोंदोरी’ नावाचा पिंजरा पाण्यात सोडलेला असतो. माशाचे डोके, काटे असे उरलेसुरले त्यात टाकायचे आणि आत शिरलेला मासा जेवणासाठी काढायचा. वरच्या मजल्यावर कुठे मुलगा-सून राहतात, कुठे पाहुण्यांची खोली आहे, तर कुठे कुलूप आहे.

ही गोष्ट एकट्या इनेची नाही. जपानचे मत्स्योत्पादन १९८४ मध्ये १ कोटी २८ लाख टनांवर पोहोचले होते. आता ते ४० लाख टनांच्याही खाली आले आहे. २०२३ च्या मत्स्यगणनेनुसार देशातील मच्छीमारांची संख्या सव्वा लाखाच्या आतच उरली आहे.

एका दिवसाच्या सहलीत काय काय दाखवतात?

बहुतेक मार्गदर्शित सहली सकाळी आठ-नऊच्या सुमारास क्योटो किंवा ओसाकाहून निघतात. पहिला मुक्काम अनेकदा आमानोहाशिदाते. सुमारे ३.६ किलोमीटर लांबीचा, हजारो पाइन वृक्षांनी झाकलेला हा वाळूचा दांडा जपानच्या तीन विख्यात निसर्गदृश्यांपैकी एक मानला जातो. टेकडीवर जाऊन, पाठ करून, कमरेत वाकून दोन पायांमधून त्याच्याकडे पाहायचे अशी इथली प्रथा. समुद्र आणि आकाश उलटेपालटे होते आणि तो दांडा स्वर्गाकडे जाणाऱ्या पुलासारखा दिसतो. अनेक सहलींत जेवणही इथेच उरकले जाते.

त्यानंतर बस इनेला येते. इथे साधारण २५ मिनिटांची बोटफेरी असते. होडीघरांची उघडी बाजू समुद्राकडे असल्याने गाव खऱ्या अर्थाने दिसते ते पाण्यातूनच. बोटीमागे सीगल पक्ष्यांचे थवे लागतात, घारीही झेपावतात. याशिवाय स्थानिक मच्छीमार आपल्या छोट्या होड्यांतून ‘समुद्र टॅक्सी’ चालवतात. ती घरांच्या अधिक जवळून जाते आणि चालवणारा स्वतः गावातलाच असल्याने गोष्टीही कळतात. डोंगरावरच्या ‘फुनाया नो सातो’ या थांब्यावरून पूर्ण खाडी नजरेत येते. गावात १७५४ साली सुरू झालेली साके मद्याची भट्टी आहे. लाल तांदळापासून बनणारी तिची गुलाबी-लाल साके जपानबाहेरही पोहोचली आहे. तांदळाच्या कोंड्यात महिनोन् महिने मुरवलेला बांगड्याच्या कुळातील मासा, म्हणजे ‘हेशिको’, ही इथली खास चव. आपल्याकडच्या खाऱ्या सुक्या मासळीची सवय असलेल्यांना ती परकी वाटणार नाही.

पण वेळेचा हिशेब केला तर चित्र बदलते. दहा तासांच्या सहलीतील चार-पाच तास बसमध्ये जातात. काही सहलींत मियामा हे गवती छपरांचे गावही जोडलेले असते. मग इनेच्या वाट्याला दीड-दोन तास उरतात.

गर्दी अलीकडेच का वाढली?

जपानी लोकांना इने पूर्वीपासून माहीत होते. ‘तोरा-सान’ या लोकप्रिय चित्रपटमालिकेतील १९८२ च्या चित्रपटात हे गाव दिसले आणि १९९३ मध्ये सरकारी वाहिनी एनएचकेवरील सकाळच्या मालिकेची पार्श्वभूमीही इनेचीच होती. परदेशी पर्यटक मात्र अलीकडे वाढले. त्याची कारणे तीन. पहिले म्हणजे येनची घसरण. २०२४ मध्ये एका डॉलरला १६० येनपर्यंत भाव गेला आणि जपान परदेशी पर्यटकांना स्वस्त वाटू लागला. त्या वर्षी जपानला सुमारे ३ कोटी ६८ लाख परदेशी पर्यटकांनी भेट दिली. त्यात भारतीयांची संख्या २ लाख ३३ हजारांच्या आसपास होती.

दुसरे कारण क्योटो शहरातील गर्दी. ती पांगवण्यासाठी प्रांतातील इतर भागांची जाहिरात सुरू झाली. उत्तरेकडील किनारा ‘समुद्राचे क्योटो’ या नावाने पुढे आणला गेला. २०१५ मध्ये क्योटोहून या भागाकडे येणारा द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्याने एका दिवसात जाऊन येणे सोपे झाले. तिसरे कारण समाजमाध्यमे. शांत पाणी, लाकडी घरे आणि त्यांचे प्रतिबिंब हे दृश्य मोबाइलच्या पडद्यासाठी जणू बनवलेलेच आहे.

गावकऱ्यांची अडचण काय?

गाव संग्रहालयासारखे दिसते, पण ते लोकांचे घर आहे, हा मूळ मुद्दा. होडीघरांचे दरवाजे रस्त्यावरच उघडतात. आत अंधार, पलीकडे चमकणारे पाणी. पाहणाऱ्याला ती सार्वजनिक जागा वाटते आणि तो सरळ आत शिरतो. दोन घरांमधल्या बोळातून पाण्यापर्यंत जाऊन फोटो काढणारेही असतात. हा बोळ खासगी असतो. रस्ता अरुंद, गाड्या लावायला जागा कमी आणि त्याच रस्त्यावरून गावातील म्हातारी माणसे बाजारहाट करतात, मच्छीमार पहाटेच्या कामावरून परततात. आत येऊ नये, कचरा टाकू नये, अशा पाट्या त्यामुळे लावाव्या लागल्या आहेत.

दुसरा प्रश्न पैशाचा. जेवण दुसऱ्या गावात, मुक्काम क्योटोत, बस शहरातल्या कंपनीची. इनेमध्ये खर्च होतो तो बोटीचे तिकीट, एखादी कॉफी, एखादी साकेची बाटली यांवर. गर्दीचा त्रास पूर्ण गावाला आणि कमाई मोजक्यांना, असे गणित तयार होते.

मग पर्यटक नकोतच का?

तसेही नाही. लाकडी घर खाऱ्या वाऱ्यात उभे ठेवणे खर्चाचे काम आहे. मालक वृद्ध झाला, मुले ओसाकाला स्थायिक झाली की घराला कुलूप लागते. समुद्रकाठचे बंद लाकडी घर फार काळ तग धरत नाही. रांगेतले एक घर पडले की दाताला खिंड पडावी तशी पूर्ण रांग विद्रूप होते.

जपानने १९७५ मध्ये सांस्कृतिक वारसा कायद्यात बदल करून एकट्यादुकट्या इमारतीऐवजी संपूर्ण वस्तीला संरक्षण देण्याची सोय केली. २००५ मध्ये इनेला असा राष्ट्रीय दर्जा मिळाला. मच्छीमार गावाला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. विशेष म्हणजे सुमारे ३१० हेक्टरच्या या संरक्षित क्षेत्रात घरांबरोबरच खाडीचे पाणी, आओशिमा बेट आणि मागचे डोंगरही धरले आहेत. अशा क्षेत्रात घराचे बाहेरचे रूप बदलायचे तर परवानगी लागते आणि दुरुस्तीसाठी सरकारी मदत मिळू शकते. पण कायदा भिंती वाचवू शकतो, घरात दिवा लावायला माणूस लागतोच.

इथेच मुक्कामाच्या पर्यटनाचा मुद्दा येतो. काही होडीघरांचे वरचे मजले छोट्या निवासांमध्ये बदलले आहेत. त्यातील अनेक ठिकाणी एका रात्री एकाच गटाला घेतात. एक रात्र राहणारा पाहुणा गावात जेवतो, सकाळी मच्छीमारांची लगबग पाहतो, मासळी विकत घेतो. त्याचे पैसे थेट घराच्या मालकाकडे, म्हणजे त्या घराच्या कौलांकडे आणि खांबांकडे जातात. त्यामुळे रोज शंभर जण दोन तासांसाठी येण्यापेक्षा दहा जण एका रात्रीसाठी आले, तर गावाला अधिक परवडते. अर्थात मुक्कामाच्या जागा मोजक्या आहेत आणि सगळीच घरे निवास झाली तर गाव गाव राहणार नाही, ही दुसरी भीती आहेच.

एका दिवसासाठीच जायचे असेल तर काय लक्षात ठेवावे?

महाराष्ट्रातून जपानला जाणाऱ्या सहलींमध्ये क्योटो-ओसाका असतेच. तिथला एक मोकळा दिवस इनेसाठी देणे शक्य आहे. निवड करताना एकच गोष्ट आधी पाहावी : इनेमध्ये किती वेळ मिळणार? तीन ठिकाणांपेक्षा दोनच ठिकाणे दाखवणारी सहल बरी. स्वतंत्र जायचे तर क्योटोहून आमानोहाशिदातेपर्यंत ‘हाशिदाते’ एक्स्प्रेसने सुमारे दोन तास आणि पुढे स्थानिक बसने जवळपास एक तास लागतो. बस कमी असल्याने परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी.

उघडे दार दिसले तरी आत जाऊ नये. स्थानिक मार्गदर्शक घेतला तर मालकाच्या परवानगीने एखादे होडीघर आतून पाहता येते आणि ते पैसे गावातच राहतात. जेवणही शक्यतो गावात घ्यावे, मात्र खानावळी मोजक्या असल्याने आधी आरक्षण करावे. शाकाहारींनी विशेष काळजी घ्यावी. जपानी जेवणात सार, नूडल्स, अगदी भाजीसाठीही माशापासून केलेला ‘दाशी’ हा रस्सा वापरतात. त्यामुळे ‘मासा नको’ एवढे सांगून भागत नाही, रस्साही नको असे स्पष्ट सांगावे लागते. सोबत आपला डबा असलेला बरा. कचरापेट्या सहसा दिसत नाहीत, म्हणून रिकामा डबा आणि पिशवीही सोबत परत न्यावी. आणि छत्री विसरू नये.

गावाचे पुढे काय?

इनेच्या हद्दीतच, होडीघरांपासून काही अंतरावर उराशिमा मंदिर आहे. इसवी सन ८२५ मध्ये स्थापन झालेले हे मंदिर जपानमधील प्रत्येक मुलाला ठाऊक असलेल्या एका कथेशी जोडलेले आहे. उराशिमा नावाचा मच्छीमार समुद्रापलीकडच्या अद्भुत महालात पाहुणा म्हणून जातो. थोडेच दिवस झाले असे वाटून तो गावी परततो, तर इकडे तीनशे वर्षे उलटून गेलेली असतात. घर नाही, आईवडील नाहीत, ओळखणारे कुणीच नाही.

एका दिवसाच्या सहलीतले पर्यटक सहसा या मंदिरापर्यंत पोहोचत नाहीत. पण इनेसमोरचा प्रश्न याच कथेतला आहे. शहरात गेलेली मुले कधी परतली, तर त्यांना ओळखीचे गाव सापडेल का? होडीघरे उभी असतील, हे कायदा आणि पर्यटन मिळून पाहतील कदाचित. त्यातल्या एखाद्या घराच्या पायरीवर कुणी मासा साफ करत बसलेले असेल का, हे मात्र बुरीवर, गावातल्या तरुणांवर आणि थोडेफार दुपारच्या बसमधून उतरणाऱ्या पाहुण्यांच्या वागण्यावरही अवलंबून राहील.